या वेळी पोलीस

"शेवट बदललाय," सिल्के म्हणाली आणि मेकअपच्या गाडीचं दार तिने पाठीमागे लावून घेतलं. "टोळीला आतून बातम्या पुरवणारा माणूस... तो तूच निघतोस."

तुंजायच्या गालावर पावडर लावणारी मुलगी थबकली आणि मुकाट्याने बाहेर सटकली.

"मी? अगं, मी इन्स्पेक्टर आहे!"

"म्हणूनच तर! कुणाच्या ध्यानीमनी नसेल."

"सगळ्यांच्या असेल. पोस्टरवर माझं तोंड बघितल्यापासून."

दिग्दर्शिका असली तरी सिल्के त्याची जुनी मैत्रीण. अभिनयशाळेत दोघं एकाच वाटीतलं सूप प्यायलेली. तिने नजर चुकवली. "पैसे लावणाऱ्यांचा हट्ट आहे रे. मी भांडले, खरंच भांडले."

"आणि मला आज सांगतेस? आज बाहेर कोण बसलंय, ठाऊक आहे तुला?"

तुंजाय तुर्की आईबापांचा, पण जर्मनीत, हॅम्बुर्गमध्येच जन्मला, तिथेच वाढला. गुन्हेपटांत त्याने आजवर हेरॉइन विकलं होतं, बहिणीचा गळा दाबला होता, स्टेशनात बॉम्ब ठेवला होता. आणि बहुतेकदा अर्धा सिनेमा व्हायच्या आतच गोळी खाऊन मेला होता. त्याच्या बापाचा, रुस्तेमचा, उभा जन्म गोदीत जहाजं जोडण्यात गेला. मुलाचा एकच सिनेमा त्याने पाहिला. दुसऱ्या दिवशी गोदीत कुणीतरी विचारलं, "काय रुस्तेम, पोरगा जामिनावर सुटला का?" सगळे हसले. रुस्तेमही हसला. पण पुन्हा म्हणून तो थिएटरची पायरी चढला नाही.

या वेळी तुंजायने आपणहून फोन केला होता. "बाबा, या खेपेला मी पोलीस आहे. बघायला या."

म्हातारा आला होता. शूटिंगच्या गोदामात, कॅमेऱ्यामागे, दाराजवळ खुर्ची टाकून, ईदचा सूट घालून ताठ बसला होता. येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होता, "माझा मुलगा. इन्स्पेक्टर."

"नाही केलं तर?" तुंजायने विचारलं.

"दुसऱ्या कुणाला पाठमोरा उभा करून उरकतील. शेवट तोच राहील, फक्त तू नसशील. आणि पुढे मी तुझं नाव काढलं की म्हणतील, तो? नको, फार कटकट्या आहे."

तुंजाय बाहेर आला, बापापाशी वाकला. "बाबा, गारठा आहे. घरी जा. आज विशेष काही नाही."

"मला गारठ्याचं सांगतोस? भर जानेवारीत जहाजाच्या पोटात काम केलंय मी." म्हाताऱ्याने त्याचा टाय सरळ केला. "जा. लोक खोळंबलेत."

तुंजाय कॅमेऱ्यासमोर जाऊन उभा राहिला.

दिवे लागले. हाताखालच्या पोलिसाचं काम करणारी इम्के पुढे झाली. "हात मागे!" बेड्यांचा खटका पडला. तुंजायने मान खाली घातली नाही.

"कट! झकास," सिल्के म्हणाली. मग जवळ येऊन हळूच, "आता आणखी एकदा. या वेळी तिला तुर्कीत एक शिवी हासड. त्यांना ती हवीय."

तुंजायने दाराकडे पाहिलं. बाप उठून उभा राहिला होता.

"नाही."

"एक शब्द रे—"

"बेड्या घाल, हवी तर गोळी घाल. पण हा माणूस सगळा सिनेमाभर जर्मन बोललाय. पकडला गेला म्हणून त्याची भाषा बदलते होय?"

पैसे लावणाऱ्यांचा माणूस खुर्ची सरकवून उठला, सिल्केच्या रोखाने आला. सिल्केने त्याच्याकडे पाहिलं, मग तुंजायकडे.

"पहिलाच टेक ठेवा," ती मोठ्याने म्हणाली. "पुढचा प्रसंग."

इम्केने बेड्या काढल्या. तुंजाय दाराकडे धावला, तर खुर्ची रिकामी.

म्हातारा गोदामामागे, पाण्याच्या कडेला उभा होता.

"बाबा, मला आजच सांगितलं त्यांनी. देवाशपथ."

पलीकडे एक मालवाहू जहाज वळत होतं, ते पूर्ण वळेपर्यंत रुस्तेम बघत राहिला. मग त्याने मुलाचे हात हातात घेतले, बाह्या वर सारल्या. मनगटांवर लाल वळ उठले होते.

"पोरीने फार घट्ट लावल्या," तो म्हणाला आणि आपल्या राकट अंगठ्यांनी ते वळ हलके हलके चोळत राहिला.