कॅप्टनची अक्कलदाढ

दातांच्या डॉक्टरकडे गेलेल्या माणसाला तोंड उघडावं लागतं आणि गप्पही बसावं लागतं. कोपऱ्यावरच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांना ही सोय फार मानवली होती. त्यांच्या शहराचा फुटबॉल संघ त्या हंगामात असा काही आपटला होता, की सगळ्या संघांच्या तक्त्यात त्याचं नाव शोधायला खालून वर वाचावं लागे. संघाची नव्याने बांधणी कशी करावी यावर डॉक्टरांची मतं ठाम होती आणि ती ऐकवायला हुकमी श्रोते रोज खुर्चीत आडवे पडत होते.

"सांगा मला," एका हाताने गालाचं कातडं बाजूला ओढून डॉक्टर म्हणायचे, "किडलेला दात ठेवला तर काय होतं? शेजारचाही किडतो. तसंच आहे हे."

"आँ," पेशंट म्हणायचा.

"बरोबर! काढूनच टाकायला पाहिजे."

काढून टाकायचा तो दात म्हणजे संघाचा कॅप्टन. बचावफळीच्या मधोमध उभा राहणारा, उंच, खांद्याने रुंद. लोक त्याला भिंत म्हणत. पूर्वी कौतुकाने म्हणत, आता त्यात भर घालत: भिंतीला ओल आलीय. वय झालं होतं त्याचं. समोरचा कोवळा गडी सूं करून शेजारून निघून जायचा आणि हा वळेपर्यंत चेंडू जाळ्यात. शहरात कोणी म्हणे, गोल मारणारा एक बाहेरचा खेळाडू आणा. कोणी म्हणे, नव्या प्रशिक्षकाला जरा वेळ द्या, तळहातावर मोहरी उगवत नाही. डॉक्टरांचं म्हणणं सरळ होतं: आधी भिंत पाडा, मग पुढचं बघू.

दवाखान्याच्या पुढच्या खोलीत डॉक्टरांची मोठी बहीण बसायची. पेशंटची नावं लिहून घेणं, रडणाऱ्यांना पाणी देणं आणि भावाचं भाषण लांबलं की दारावर टकटक करणं, ही तिची कामं. फुटबॉलमधलं तिला ओ की ठो कळत नव्हतं.

एका दुपारी एक उंच माणूस गाल धरून आत आला. दारातून येताना त्याला वाकावं लागलं.

"काम काय करता?" ताईंनी लिहिता लिहिता विचारलं.

"फुटबॉल खेळतो."

"ते झालं हो. पोटापाण्याचं काय?"

आतून हे ऐकून डॉक्टर बाहेर डोकावले, आणि त्यांच्या हातातला आरसा हातातच राहिला. समोर भिंत उभी होती. एक बाजू चांगलीच सुजलेली.

कॅप्टन खुर्चीत आडवा झाला तेव्हा त्याचे पाय पुढे हवेत राहिले. डॉक्टरांनी दिवा ओढला, तोंडात पाहिलं. खालची अक्कलदाढ आडवी निजली होती आणि शेजारणीला ढुशा देत होती. पण डॉक्टरांचं लक्ष वेधलं ते दुसऱ्याच गोष्टीने. बाकीच्या दाढा घासून घासून पार सपाट झाल्या होत्या, जात्याचे दगड व्हावेत तशा.

"तुम्ही झोपेत दात खाता का?"

"बायको तसं म्हणते," कॅप्टन म्हणाला. मग डॉक्टरांकडे बघत, "आमचा मालिशवाला तुमच्याकडे दाढ भरून गेला होता. म्हणाला, भूल उतरली तरी डॉक्टरांचं भाषण काही उतरेना."

डॉक्टरांच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या.

"माझाही विषय निघाला होता म्हणे," कॅप्टन म्हणाला. आवाजात राग नव्हता. "काय म्हणत होतात? मला खरंच ऐकायचंय. आमच्या तोंडावर कोणी बोलत नाही."

आता बोलायची उघड परवानगी मिळाली, तर डॉक्टरांची दातखीळ बसली. "आ करा," एवढंच ते म्हणाले आणि सुई पुढे केली.

दाढ चिवट निघाली. तुकडे करून काढावी लागली. टाके घालून झाल्यावर डॉक्टरांनी बजावलं, की जबडा काही दिवस आखडलेला राहील, तोंड बोटभरच उघडेल. पातळ खा, ओरडू नका आणि रविवारी तर मुळीच खेळू नका. कॅप्टनने कापसाचा बोळा दाताखाली धरून मान हलवली. ती होकाराची होती की नकाराची, ते कळलं नाही.

रविवारी डॉक्टर नेहमीप्रमाणे सासऱ्यांबरोबर मैदानावर गेले. सासरे जुने शौकीन, आता गुडघ्यांनी थकलेले. पण जावयाला फुटबॉलचं वेड आहे म्हणूनच त्यांनी मुलगी दिली, असं घरात चेष्टेने म्हटलं जाई. दोघांची जागा ठरलेली होती, अगदी वरच्या बाकांवर. तिथून सगळं मैदान ताटासारखं दिसतं, असं डॉक्टर म्हणत.

संघ मैदानात आला आणि डॉक्टर उठून उभेच राहिले. "अहो, हा खेळतोय! मी नको म्हणून सांगितलं होतं."

"तुमचं कोण ऐकतं, जावईबापू," सासरे म्हणाले.

आणि मग विचित्रच प्रकार सुरू झाला. साध्या उंच चेंडूवर आपले दोघे बचावपटू एकदमच धावले आणि एकमेकांवर आपटले. चेंडू मोकळाच राहिला. समोरच्याने तो आरामात आत ढकलला. थोड्या वेळाने डावीकडचा पोरगा चेंडू पायात घेऊन उभा असताना मागून गडी आला आणि त्याच्या खिशातून पाकीट मारावं तसा चेंडू घेऊन गेला. दुसरा गोल. लोक कॅप्टनच्या नावाने शंख करू लागले.

डॉक्टर मात्र ओरडत नव्हते. ते बुचकळ्यात पडले होते. दोन्ही वेळा कॅप्टन जिथे असायला हवा तिथेच होता. नेहमीसारखाच सावकाश, नेहमीसारखाच जागेवर. मग आज बिघडलं काय? इतर दिवशी हीच पोरं अशी आंधळ्या कोशिंबिरीसारखी खेळत नव्हती.

"बाबा, काहीतरी वेगळं आहे आज. काय ते समजत नाहीये."

सासऱ्यांनी मैदानाकडे बघत हनुवटी खाजवली. "आमच्या वेळी आम्ही खाली, रेषेला लागून बसायचो. तिथून दिसत काही नाही. पण चला तर खरं."

मध्यंतरात दोघे एकेक पायरी उतरून खाली गेले. सासऱ्यांचा हात डॉक्टरांच्या खांद्यावर. खेळ पुन्हा सुरू झाला तेव्हा खालच्या बाकावरून मैदान खरोखरच दिसेना. नुसते पाय, पाठी आणि उडालेली माती. पण ऐकू येत होतं. पाहुण्या संघाचा कालवा चालला होता: मागे ये, सोड, मला दे, उजवीकडे! आपल्या बाजूला मात्र कोणी मेल्यासारखी शांतता.

तेव्हा डॉक्टरांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. त्यांनी सासऱ्यांचा दंडच धरला. "बाबा, तो बोलत नाहीये. त्याचा जबडा उघडत नाही. मीच बंद करून ठेवलाय!"

"म्हणजे इतके दिवस तो बोलत होता?"

"ते आपल्याला वरून कुठे ऐकू येणार?"

इतकी वर्षं सामने पाहून ही गोष्ट आपल्याला ठाऊक नव्हती, याचं डॉक्टरांना वाईट वाटायला हवं होतं. पण वाईट वाटण्याआधीच त्यांना पुढे काय होतं याची उत्सुकता लागली. ते बाकाच्या टोकाशी सरकून बसले.

गोलकीपर कोवळा होता. अबोल स्वभावामुळे सगळे त्याला मौनी म्हणत. कॅप्टन त्याच्यापाशी गेला, आपल्या बंद जबड्याकडे बोट दाखवलं आणि मग त्याच्या छातीवर बोट टेकवलं. मौनीने मान खाली घातली. पुढचा उंच चेंडू आला तेव्हा पुन्हा दोघे धावले, आणि मागून एक चिरका, फाटका आवाज आला, "सोडा! माझा आहे!"

दोघेही जागीच थबकले. मौनीने चेंडू छातीशी धरला आणि आपलाच आवाज ऐकून दचकल्यासारखा इकडेतिकडे पाहू लागला. खालच्या बाकांवर कोणीतरी हसलं. पण थोड्या वेळाने तो पुन्हा ओरडला, मग डावीकडचा पोरगा ओरडला. काही हाका चुकीच्या होत्या. एकदा दोघांनी एकमेकांना "तू घे" म्हटलं आणि चेंडू बाहेर गेला. तरी तिसरा गोल झाला नाही. उलट शेवटी शेवटी आपल्यांनीच एक चढवला. संघ हरला तो हरलाच. बाहेर पडताना लोक म्हणत होते, भिंत पाडा. डॉक्टरांनी त्यात सूर मिसळला नाही.

टाके काढायला कॅप्टन आला तेव्हा जबडा बराच मोकळा झाला होता. डॉक्टरांनी आधी त्याला खेळल्याबद्दल झापलं, मग टाके काढले, मग हातमोजे काढून स्टुलावर बसले.

"एक विचारू? मैदानात तुम्ही नेमकं बोलता तरी काय?"

"असं सांगून नाही कळायचं." कॅप्टन खुर्चीतून उठला. त्याने ताईंना आत बोलावून कपाटापाशी उभं केलं. "तुम्ही डावा बचाव. ही खुर्ची गोलकीपर. डॉक्टर, तुम्ही समोरचा गडी. या पुढे."

डॉक्टर हातात चेंडू म्हणून कापसाची पिशवी घेऊन पुढे आले. कॅप्टनने न ओरडता, पण एका दमात सुरू केलं, "डावी, आत ये, अजून, थांब, त्याला बाहेर जाऊ दे, मागे माणूस आहे, मागे बघ, आता!"

ताई मागे वळल्या त्या थेट कपाटावर. आतल्या बाटल्या खळाळल्या. "अहो, आधी थांब म्हणता, मग आता म्हणता! माणसाने ऐकायचं किती?"

कॅप्टन हसायला लागला. "हेच," तो खुर्चीच्या हातावर टेकत म्हणाला. "ताईंनी बघितलंच नाही मागे. माझं ऐकून वळल्या. ती पोरंही तशीच. परवा माझं तोंड बंद होतं, तर शेवटी त्यांची त्यांना माणसं दिसायला लागली. आता मला झोप येत नाही, डॉक्टर. मी इतकी वर्षं त्यांना सांभाळत होतो, की त्यांच्या डोळ्यांवर हात ठेवून उभा होतो?"

दारात दोन पेशंट ताटकळले होते. ताई कपाट सावरत भावाकडे पाहत राहिल्या. अशा प्रश्नावर हा आता तासभर सुटणार, याची त्यांना खात्री होती.

"मला माहीत नाही," डॉक्टर म्हणाले.

ताईंनी चमकून मान वर केली.

"खरंच नाही माहीत. पहिल्या अर्ध्यात तुम्ही गप्प राहिलात आणि दोन गोल खाल्ले. तेही खरं आणि नंतरचंही खरं. पण..." डॉक्टर पुढे सरकले, "करून का बघू नये? अर्धा सामना बोलायचं, अर्धा नाही."

"आणि हरलो म्हणजे?"

"तसंही हरतोच आहोत आपण."

हे बोलून डॉक्टरांनी जीभ चावली. पण कॅप्टन खो खो हसला, जबडा दुखेपर्यंत.

नव्या प्रशिक्षकाच्या गळी ही गोष्ट कॅप्टनने कशी उतरवली, ते डॉक्टरांना कधी कळलं नाही. पण उरलेल्या हंगामात तसे सामने झाले. डॉक्टर आणि सासरे आता खालीच बसत. एक सामना जिंकला, दोन बरोबरीत सुटले, एका सामन्यात मात्र कॅप्टन गप्प असताना पोरांनी असा सावळागोंधळ घातला, की त्याच्याने राहवेना आणि त्याने भर मैदानात स्वतःच्याच तोंडावर हात दाबून धरला. संघ काही वाचला नाही. हंगामाच्या शेवटी खालच्या गटात घसरला. शहराने दोन दिवस सुतक पाळलं आणि मग सगळे आपापल्या कामाला लागले.

पैशांच्या नावाने आनंदच होता, त्यामुळे बाहेरून कोणी आलं नाही. कोणाला काढलंही नाही. कॅप्टनने मात्र स्वतःहून बूट कायमचे काढले आणि बचावफळीला शिकवायचं काम घेतलं, या अटीवर की सामना चालू असताना प्रशिक्षकाशेजारी बसून तो चकार शब्द बोलणार नाही. सरावाचे पहिले काही सामने बाकावर बसणं त्याला इतकं जड गेलं, की डॉक्टरांनी त्याला रात्री दातांत घालायला एक मऊ साचा करून दिला. दाढा आणखी झिजू नयेत म्हणून.

खालच्या गटातला पहिला सामना बघायला गर्दी बेताचीच होती. डॉक्टर सासऱ्यांना घेऊन गोलाच्या मागे बसले. खेळ बरा चालला होता, चांगला म्हणण्यासारखा नव्हता. मग पाहुण्यांना कॉर्नर मिळाला. चेंडू वर चढला आणि आपल्या बाजूने एकदम तीन आवाज उठले. मौनी म्हणाला, माझा. डावीकडचा म्हणाला, मार बाहेर. आणि मधल्या जागेवर आलेला नवखा पोरगा म्हणाला, मागे माणूस, मागे!

"कोणाचं खरं?" सासऱ्यांनी विचारलं.

"थांबा हो," डॉक्टर म्हणाले आणि ऐकायला पुढे वाकले.