मु. पो. डिट्टो

१९५३च्या मे महिन्यात नेब्रास्कातलं डिट्टो हे गाव सरकारने बंद केलं. असं काहीही घडलेलं नाही, हे आधीच सांगितलेलं बरं.

गाव म्हणजे गुरं राखणारी चार घरं, अकरा माणसं आणि अडीच हजार गाई. यांपैकी पत्रं फक्त माणसांना येतात, हाच सरकारचा आक्षेप होता. पोस्ट होतं थीया लिंडहोल्म या विधवेच्या स्वयंपाकघरात, पिठाच्या डब्याशेजारी; पोस्टमास्तरही तीच. पोस्ट तिथे म्हणून गाव तिथे. पोस्ट उठलं की नकाशावरून नावही उठणार.

नाव ही थीयाच्या आजोबांची करणी. १८८९ साली पोस्टासाठी अर्ज भरताना 'अर्जदाराचं नाव' यापुढे त्यांनी 'टॉर्वाल्ड स्कोगेन' लिहिलं. 'गावाचं नाव' यापुढे, तेच पुन्हा कोण लिहीत बसतंय म्हणून, 'डिट्टो', म्हणजे वरीलप्रमाणे. खात्याने मंजुरी दिली. आजोबांनी दुरुस्तीचा अर्ज धाडला, तर उत्तर आलं : 'मागील निर्णय डिट्टो.'

बंदीचं पत्र आलं ते अर्थातच डिट्टोच्या पोस्टात, 'पोस्टमास्तर' या नावाने. थीयाने त्यावर 'पत्तेदार सापडत नाही' असा शिक्का मारून ते परत पाठवलं. तीनदा. पत्तेदार तिने खरंच शोधला होता, अगदी ओट्याखालीसुद्धा.

चौथ्यांदा प्रेविट नावाचे इन्स्पेक्टर जातीने आले. नेमका वासरांना मालकीचा डाग द्यायचा दिवस. त्या दिवशी जो येईल त्याच्या हाती काहीतरी देतातच. साहेबांच्या हाती वासराचा मागचा पाय आला.

"घट्ट धरा साहेब, नाहीतर तेच तुम्हाला डाग देईल," शेजारचा ड्यूई हॅस्केट म्हणाला.

"अहो, पण गाव कुठंय?"

"मधोमध बसलाय की त्याच्या. जरा सरका, शेण आहे."

दुपारी साहेब लंगडत स्वयंपाकघरात आले. थीयाने बीन्स वाढले. त्यांनी पत्र पुढे केलं.

"हातोहात नाही घेता येत. तीन सेंटांचं तिकीट लावा, पेटीत टाका."

"बाई, खात्याच्या पाकिटाला तिकीट लागत नाही!"

"म्हणूनच तीनदा परत गेलं ना?"

साहेबांनी तिकीट लावलं. मग हळू आवाजात विचारलं, "एवढा हट्ट कशासाठी?"

थीयाने खिडकीबाहेर बोट दाखवलं. टेकडीवर दोन थडगी, एकाखाली एक. वरच्या थडग्यावर तिच्या आईचं नाव आणि 'जिभेला धार, देवाला भार'. खालच्यावर नवऱ्याचं : 'एमिल लिंडहोल्म. डिट्टो.'

"गाव आहे तोवर तो गावचा. गाव गेलं, की वाचणारा वरच्या ओळीकडे बघणार." तिने बीन्सचं भांडं झाकलं. "बावीस वर्षं माझ्या आईसोबत काढली हो त्याने. एक चकार उलट शब्द नाही."

साहेब टोपी उचलून उठले. "अर्ज करा," एवढंच म्हणाले.

तिने केला. आजोबांवरून शहाणी होऊन, एकही शब्द न वाचवता :

'सबब विनंती की, डिट्टो पोस्ट कायम ठेवावे. ते शक्य नसल्यास अर्जदाराच्या आईचे थडगे खात्याच्या खर्चाने अन्य पोस्टाच्या हद्दीत हलवण्यात यावे, व तशी पूर्वसूचना तिला रजिस्टर टपालाने द्यावी. पत्ता : टेकडी, मु. पो. डिट्टो.'