न फाडलेली पानं

आमच्या कॉलेजात यंत्रशास्त्राचं पुस्तक एकच होतं. ते ग्रंथपालांच्या कपाटात कुलपात असे आणि दिवसाकाठी एक तास, त्यांच्या नजरेसमोर बसून वाचायच्या अटीवर मिळे. पान जरा जोरात उलटलं तरी ते खाकरत. वर्गात आम्ही बारा जण. मग अशी रीत पडली की एकानं पुस्तकावरून उतरवून आणायचं आणि बाकीच्यांनी त्याच्या वहीवरून. माझं अक्षर चांगलं म्हणून हे काम माझ्या गळ्यात पडलं. सगळे मला 'छापखाना' म्हणत, आणि खरं सांगतो, मला ते फार आवडायचं.

माझ्या खोलीत 'आजोबा' राहायचा. वय सव्वीस, घरी बायको आणि एक मुलगी, आणि ह्याच परीक्षेत दोनदा आपटलेला. तिसऱ्यांदा नापास झालं की नाव पटावरून कमी, असा कॉलेजचा नियम होता. विषय त्याच्या डोक्यात शिरत नसे, पण पाठांतर असं की वहीतला शाईचा डागसुद्धा म्हणून दाखवील.

"या खेपेला गेलो, तर थोरला मला दुकानात तराजूपाशी बसवणार. मग जन्मभर तेच," तो म्हणायचा आणि पुन्हा येरझारा घालत घोकायला लागायचा.

परीक्षेला तीन दिवस उरले असताना मी एक आकृती ताडून बघायला ग्रंथालयात गेलो. तेव्हा नव्या पुस्तकांची पानं कडेला जोडलेली येत, चाकूनं फाडून घ्यावी लागत. ग्रंथपालांनी त्याच सकाळी चाकू चालवला होता.

"दोन पानं आतच राहिली होती. इतक्या जणांनी वाचलं, एकाच्याही लक्षात आलं नाही!" ते म्हणाले.

तरफेच्या सिद्धतेचा मधला अख्खा भाग त्या दोन पानांत होता. आधीचं वाक्य संपत होतं, पुढच्या पानावर नवं सुरू होत होतं, आणि मी मान खाली घालून उतरवत गेलो होतो. मी तिथंच माझ्या वहीच्या समासात बारीक अक्षरात राहिलेला भाग लिहून घेतला.

खोलीत आलो तर आजोबा तीच लंगडी सिद्धता धडाधड म्हणत होता. "एक शब्द चुकला नाही बघ!" तो म्हणाला. जेवण झाल्यावर सांगू, असं मी ठरवलं. जेवणानंतर वाटलं, सकाळी सांगू. सकाळी वाटलं, हा प्रश्न येतोय कशाला? कारणं कसली, मला लाज वाटत होती. छापखान्याची चूक निघाली म्हणून अकरा जण हसतील, एवढंच.

पहिलाच प्रश्न तरफेचा आला.

आठवड्यानं प्राचार्यांनी आम्हा बाराही जणांना बोलावलं. टेबलावर अकरा पेपर पसरले होते, अक्षरन् अक्षर सारखे, चूकही सारखी: सिद्धतेचा मधला भागच नाही. "ही उघड कॉपी आहे. खुलासा द्या, नाहीतर अकराही नावं पटावरून जातील."

"सर, आम्ही याच्या वहीवरून पाठ केलं," कोणीतरी म्हणालं.

"मग याचं एकट्याचं बरोबर कसं?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. तेवढ्यात आजोबाच पुढं झाला. "तो हुशार आहे, सर. राहिलेलं त्यानं डोक्यानं भरून काढलं असेल."

नुसती मान हलवली असती तरी मी सुटलो असतो. पण वही दाखवल्याशिवाय ते अकरा जण सुटत नव्हते. मी खोलीवर जाऊन वही आणली. प्राचार्यांनी पान उघडलं, चष्मा सारखा केला.

"समासातला हा मजकूर कधी लिहिलास?"

"परीक्षेच्या तीन दिवस आधी," मी म्हणालो.

कोणी हसलं नाही.

कॉपीचा आरोप प्राचार्यांनी तिथल्या तिथं मागे घेतला. गुण मात्र वाढवले नाहीत. अपुरी सिद्धता ती अपुरीच. दहा जण बाकीच्या प्रश्नांवर तरले. आजोबा चार गुणांनी गेला.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो ट्रंक भरत होता. मी दोरीचं एक टोक धरून उभा होतो, कारण दुसरं काय करावं ते मला सुचत नव्हतं. त्यानं गाठ मारली आणि वर बघितलं.

"दोनच पानं होती ना रे?" तो म्हणाला. "मला एक दिवस पुरला असता."