तुणतुणं वगळून

तुळजापुरात उत्कर्षचा स्टुडिओ म्हणजे दुकानामागची एक खोली. आवाज घुमू नये म्हणून भिंतींना जुन्या गाद्या ठोकलेल्या. बलभीम गोंधळी जळकोटहून सकाळच्या एसटीनं आला, तेव्हा त्याच्या खांद्याला तुणतुणं होतं आणि खिशात लेकीचा, सोनालीचा, मोबाईल.

"तुणतुणं तेवढं काढा," तो म्हणाला. "तिचा आवाज ठिवा."

ती म्हणजे कडूबाई, त्याची बायको. चैत्रात वारली. गोंधळाच्या फडात ती कधी उभी राहिली नाही. घरीच, भाकरी आटोपल्यावर, त्याच्या तुणतुण्यावर देवीची पदं म्हणायची. मागच्या दिवाळीत सोनालीनं चार मिनिटं रेकॉर्ड केली, पण मोबाईल ठेवला तुणतुण्याला टेकवून. त्यामुळं तार कानात घुसायची आणि कडूबाई शेजारच्या गावातून गात असल्यासारखी वाटायची. तिचा दुसरा आवाज कुठंच नव्हता.

उत्कर्षनं आधी नुसती तार छेडायला लावली. पडद्यावर ठरावीक अंतरानं उंच खांब उभे राहिले.

"काका, तुमची तार सेकंदाला दोनशेवीस वेळा हलते. हा पहिला खांब. पुढचे त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट. सगळं तुणतुणं एवढ्यातच बसलंय. हे खांब कापायचे, बाकीचं राहतं."

"तण उपटल्यागत?"

"तसंच."

त्यानं खांब कापले आणि आवाज सोडला. तार गेली. कडूबाईही गेली. उरला श्वास, ताटलीचा खणखणाट आणि दूरचं कुत्रं.

उत्कर्षनं काप बारीक करून पाहिला. तार परत आली, तशी कडूबाईही. पुन्हा कापलं, दोघंही गेली.

"काकू पदभर तारेच्याच एका सुरात गातायत," तो हळूच म्हणाला. "त्यांचे खांब तुमच्या खांबांवर बरोबर बसलेत. इतकं नेमकं म्या कुणाचं बघितलं न्हाय. जरा बेसूर असत्या, तर वाचल्या असत्या."

बलभीमनं तुणतुण्याची तार ताणायची खुंटी चाचपली. तारेपासून केसभर हलायचं न्हाय, हे त्यानंच तिला सव्वीस वर्षं घोटून शिकवलं होतं. 'बांधून घाला मला खुंटीला,' ती म्हणायची.

तिसऱ्या मिनिटाला अचानक ती आली. "दिवा लाव गं आई..." एवढेच शब्द, सूर उतरलेला, पण घशातल्या खरखरीसकट स्वच्छ. लगेच एक दणदणीत आवाज: "सुटला सूर! कान हायेत का भोकं?" मग कडूबाईचं हसू. "बरं बाबा, धरते." आणि पुन्हा काही नाही.

उत्कर्षनं मान वर केली नाही. "ते तुमचं बोलणं काढतो. वेगळं पडलंय, सहज निघंल."

"नगं," बलभीम म्हणाला. "ते काढलं तर ती हसतीया कशाला, ते कळायचं न्हाय."

"मग चारी मिनिटं देऊ?"

"एवढंच द्या."

परतीच्या एसटीत त्यानं मोबाईल कानाला लावला. मग खुंटी जराशी सैल केली, तार छेडली, पुन्हा ऐकलं, पुन्हा सैल केली. ती चुकली होती तो सूर तो शोधत होता. नळदुर्ग मागं पडलं, तरी सापडला नव्हता.