चाँदबींची बोर

मित्रांनो, माझ्या बुडाची वीण आता विरली आहे, म्हणून बेंबळीच्या उमाबाई माझ्यात नुसते कांदे ठेवतात. पण एके काळी या घरात नाताळ माझ्यातूनच यायचा. मी बांबूची जुनी दुरडी आहे.

बुरडानं मला विणून दिलं, त्याच हिवाळ्यात उमाबाईंनी मला कमरेवर घेतलं. सोबत शेजारच्या चाँदबी असायच्या. दोघी गप्पा मारत बांधाबांधानं हिंडायच्या. उकललेली कापसाची बोंडं, बाभळीच्या वाळक्या शेंगा, झाडावरच काळी पडलेली सीताफळं, ज्वारीची जुनी धाटं, असं गळलेलं-वाळलेलं तेवढंच माझ्यात पडायचं. मग धाटांचा तारा दारावर चढायचा आणि बोंडांची माळ बाळ येशूच्या गव्हाणीवर. चर्चची माणसं कौतुक करायची. मी कोपऱ्यात बसून ऐकायची.

चाँदबींच्या बांधावर एक बोर होती. त्यांचे यजमान मुनवरभाई यांनी रानबोरीच्या बुंध्यावर गोड बोरीचा डोळा भरून, म्हणजे कलम बांधून, ती वाढवली होती. मुनवरभाई गेले, बोर राहिली. हिवाळ्यात चाँदबी तिच्याखाली बसून येणाऱ्याजाणाऱ्याला बोरं वाटायच्या.

एका वर्षी उमाबाईंचे गुडघे धरले. त्यांचा मुलगा कुमार पुण्याहून सुट्टीला आला होता. "आई, तू बस. यंदा मी सजवतो," म्हणाला आणि मला व कोयता घेऊन निघाला. चाँदबी तेव्हा लेकीकडं वाशीला गेल्या होत्या. पिवळ्या बोरांनी लगडलेलं झाड बघून कुमार हरखला. वरच्या फांद्यांचे काटे टोचू लागले, तसं त्यानं झाड बुडापासूनच तोडलं. मी शेजारीच होते. पण दुरडीला कुठलं तोंड?

बोरीच्या फांद्यांनी घर झगमगलं. उमाबाई भिंतीला धरत बाहेर आल्या आणि थबकल्या.

"हे कुठनं आणलंस?"

"चाँदबी खालाच्या बांधावरनं. त्या आपल्याला कधी न्हाय म्हणत्यात का?"

उमाबाई एक फांदी उतरवून मांडीवर घेऊन बसल्या.

नाताळच्या सकाळी चाँदबी आल्या. त्यांनी एका फांदीवरून हात फिरवला. "लई चांगलं दिसतंय, उमाबाई," म्हणाल्या. करंजी हातात घेतली, पण खाल्ली नाही.

कुमारनं त्यांचे पाय धरले. "खाला, चुकलं माझं. दुसरं कलम आणून लावतो."

"लाव बाबा. माफ केलं तुला. पर त्येंच्या हातचं कुठनं आणशील?"

पावसाळ्यात खोडाला धुमारे फुटले, तेव्हा कुमार धावत चाँदबींना सांगायला गेला. पण पुढच्या हिवाळ्यात आली ती वाटाण्याएवढी, आंबट-तुरट बोरं. डोळा भरलेला भाग कोयत्यानं गेला होता. खाली उरली होती रानबोर. चाँदबींनी एक बोर तोंडात टाकलं आणि पाठ फिरवली.

आजही त्या येतात, चहा पितात. बांधावर मात्र दोघी पुन्हा कधी गेल्या नाहीत. दारावर आता दुकानातला कागदी तारा असतो. कुमारच्या मनात वाईट काहीच नव्हतं. असतं, तर निदान चाँदबींना रागावता तरी आलं असतं.

मित्रांनो, नाताळ असो की ईद, दिवाळी असो की लग्न, घर हौसेनं सजवा. गळलेलं वेचा, वाळलेलं उचला. हिरव्याला हात लावण्याआधी मात्र ते कुणाचं आहे हे विचारा. कुमारनं नुसतं विचारलं असतं, तर चाँदबींनी आपल्या हातानं दोन फांद्या काढून दिल्या असत्या.