शंभरात शहाण्णव

टेलरबाईंनी आठवीत शाळा सोडली ती गणितापायी. त्यांच्या वेळच्या गुरुजींना तोच प्रश्न पुन्हा विचारला, की ते सगळ्या वर्गाला हसायला लावत. बाईंनी आधी विचारणं सोडलं, मग शाळा. तेव्हापासून हातात कात्री आणि पायाखाली मशीन.

लेकीचं असं होऊ द्यायचं नाही, हे त्यांनी ती रांगत होती तेव्हाच ठरवलं होतं. लेकीला घरीदारी सगळे मुंगी म्हणत. मुंगीला नर्स व्हायचं होतं, आणि शाळेच्या शेवटच्या वर्षाचं गणित सुटल्याशिवाय नर्सिंगचं दार उघडत नव्हतं. नेमके त्याच वर्षी गणिताचे सर निवृत्त झाले. त्यांच्या जागी माणूस काही मिळाला नाही, ऑनलाइन कोर्स मिळाला.

कोर्स वाईट होता म्हणाल तर नाही, खोटं कशाला बोला! वरच्या मजल्यावरच्या पाठीचं ऑपरेशन झालेल्या मुलीने पडल्या पडल्या त्याच्यावर अख्खं वर्ष काढलं. धडा बघायचा, दर रविवारी चाचणी द्यायची, पास झालं की पुढचा धडा उघडायचा. दोन आठवडे चुकले की मात्र नाव कमी.

पाचव्या धड्याला मुंगी तापाने फणफणली. रविवार उजाडला, चाचणी तशीच. बाई स्क्रीनसमोर बसल्या त्या नुसतं बघायला. स्क्रीनवरचे सर शांतपणे सांगत होते. कळलं नाही, बाईंनी मागे नेलं. सरांनी त्याच आवाजात पुन्हा सांगितलं. सातव्यांदा सांगितलं तेव्हा बाईंच्या डोक्यात लख्ख उजेड पडला, आणि एवढ्या वेळात सर एकदाही हसले नव्हते. चाचणीत दहापैकी नऊ आले. त्या आनंदात मुंगीला औषध द्यायची वेळ तासभर टळली.

ताप आठवड्यात उतरला, बाईंचं गणित काही उतरलं नाही. "अजून अशक्तपणा आहे गं तुला," म्हणत त्यांनी सहावा धडा केला. सातव्याला सबबसुद्धा लागली नाही. दुपारी त्या कोर्सला बसायच्या आणि गिऱ्हाइकांच्या पँटी खोळंबू नयेत म्हणून मुंगी मशीनवर. पोरीचा हात चांगला बसला. टीप अशी सरळ घालायची की गिऱ्हाइकं नाव विचारू लागली.

सुरुवातीला ती मशीन थांबवून विचारायची, "आई, ते तिकडचं इकडे आणलं तर वजा का झालं?"

"थांब, एवढी चाचणी होऊ दे. मग सांगते."

ते मग कधी आलंच नाही. शेवटी बसवून सगळं एकदम शिकवू, असं बाई स्वतःला बजावत राहिल्या. त्यांना ते खरंही वाटत होतं.

शेवटची परीक्षा तेवढी शाळेत होती, कागदावर. तिला वीस दिवस उरले तेव्हा बाईंनी मुंगीला समोर बसवलं. वर्षभराचं गणित वीस दिवसांत ओतायचं, म्हणजे सगळं डोक्यावरून जाणार. चौथ्याच दिवशी बाईंचा तोल गेला. "एवढं सोपं आहे, तरी कसं शिरत नाही तुझ्या डोक्यात? किती वेळा सांगू?" मुंगीने मान खाली घातली. त्यानंतर ती "कळलं, कळलं" म्हणत राहिली, आणि ऐकायला बरं वाटत होतं म्हणून बाईंनी ते मानून घेतलं.

निकालाच्या आदल्या दिवशी शाळेच्या मोठ्या बाईंनी दोघींना ऑफिसात बोलावलं. टेबलावर दोन कागद होते. एकावर वर्षभराच्या चाचण्यांचे गुण, शंभरात शहाण्णव. दुसरी मुंगीची उत्तरपत्रिका. तिच्यावर नाव होतं, तारीख होती. बाकी कोरी.

"हे शहाण्णव कोणाचे?" मोठ्या बाईंनी विचारलं. त्यांच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं, टेलरबाईंना वाटलं.

उत्तर दिलं ते मुंगीने.

"माझे नाहीत."

"कोर्स रद्द होईल, बाळ. पुन्हा बसता येणार नाही. नर्सिंगचं मग..." मोठ्या बाईंनी प्रश्नपत्रिका पुढे सरकवली. "यातलं तुला एकही येत नव्हतं?"

प्रश्नपत्रिका दोघींच्या मध्ये पडली. पोरीच्या आयुष्याचं मातेरं झालं होतं आणि करणारी तिची आईच होती, हे टेलरबाईंना पुरतं कळलं होतं. तरीही त्यांची नजर पहिल्या प्रश्नावर गेली. उत्तर बारा. दुसरा तर त्याहून सोपा. तिसऱ्यात जरा गोम होती, पण तीही त्यांनी बरोबर ओळखली, आणि त्या ऑफिसात, त्या घडीला, त्यांना मनापासून आनंद झाला. तो चेहऱ्यावरून पुसायला त्यांना एक क्षण उशीर झाला.

त्यांनी मान वर केली. मुंगी प्रश्नपत्रिकेकडे बघतच नव्हती. ती आईच्या तोंडाकडे बघत होती.