एकोणीस एकांची पाटी

आश्विनातल्या उन्हाची एक दमलेली तिरीप नौपाड्यातल्या त्या दुसऱ्या मजल्यावर उतरते, तेव्हा पाटीवर पेन्सिलीची कुरकुर चाललेली असते; आणि गणिताचे निवृत्त प्राध्यापक असलेले माझे चुलते, आप्पा, एक हा अंक एकोणीस वेळा ओळीनं मांडून त्याच्याकडे पाहत असतात, जणू कुणाशीच नातं न सांगणारी ती निष्पर्ण झाडांची रांग आहे.

या अजस्र संख्येला निःशेष भागणारा भाजक ते वर्षानुवर्षं हातानं शोधताहेत. त्या भाजकाला अडतीसनं भागलं तर एकच उरायला हवा, एवढाच काय तो वाटेवरचा कंदील. भागायचं, बाकी उरली की श्वास सोडायचा, पाटी पुसायची. कागदबिगद काही नाही. शेवटी तपासलेला भाजक तेवढा पाटीच्या उजव्या कोपऱ्यात. तो कोपरा राखून ओलं फडकं फिरवणं हे काकूचं काम. बांगड्यांची किणकिण कोपऱ्यापाशी आली की आपसूक थांबायची. काकू गेली, तेव्हापासून आप्पाच पुसतात.

मी पडलो परोपकारी. माझ्या परोपकारानं आजवर शेजाऱ्यांचा मिक्सर आणि चुलतबहिणीचं जमत आलेलं लग्न, दोन्ही मोडलंय. परवा आप्पा चहा टाकायला उठले आणि मी पाटी लख्ख पुसली, या काठापासून त्या काठापर्यंत.

"बघा आप्पा, आरसा झालाय!"

आप्पांच्या चेहऱ्यावरचं ऊन उतरलं. "अरे, कोपरा?"

"लक्षात असेल ना तुमच्या?"

"लक्षात राहत नाही म्हणूनच लिहायचो ना, शहाण्या."

घाबरून मी मोबाईल काढला. माझी एक चूक निस्तरायला नेहमी दुसरीच धावून येते. "सोडा ना आप्पा! इथे दिलंय, ही संख्या मूळ आहे. एक आणि ती स्वतः सोडून भाजकच नाही हिला."

"ठाऊक आहे. काकू होती तेव्हापासून ठाऊक आहे."

"मग?"

"मग काय? मी मांडायचो, ती पुसायची. संध्याकाळ सरायची." त्यांनी डोळे मिटले. "आता परत पहिल्यापासून… दम नाही रे राहिला."

चहा निवत गेला. तिरीप भिंतीवरून सरकत काकूच्या रिकाम्या खुर्चीवर येऊन टेकली. आप्पांनी पेन्सिल उचलली, त्या अडतीसच्या वाटेवरचा पहिलाच मूळ भाजक, एकशे एक्क्याण्णव, कोपऱ्यात मांडला आणि संथपणे भागाकार उतरवत नेला.

"बाकी चौऱ्याऐंशी. माझ्याहून वर्षानंच मोठी." ते किंचित हसले आणि ओलं फडकं माझ्याकडे सरकवलं. "घे. पूस. आणि या खेपेला डोळे उघडे ठेव, परोपकारी!"

मी पुसत गेलो. कोपऱ्यापाशी हात आपसूक थांबला नाही, थांबवावा लागला. काळाचं फडकं तर फिरतच राहणार. पण गेलेल्या माणसाचा हात जिथे थांबायचा, तिथे आपला हात थांबवायला शिकणं, एवढंच बहुधा आठवणीच्या हाती असतं.